गिट सबमॉड्यूल: काही महिने रोज वापरल्यावर

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, रेपो म्हणजे त्यातलं एका प्रोजेक्टचं भांडार, आणि सबमॉड्यूल म्हणजे एका रेपोत दुसरा रेपो जोडण्याची सोय. सबमॉड्यूलला जितक्या शिव्या पडतात तितकं ते वाईट नाही. पण डिपेंडन्सी मॅनेजर (लागणाऱ्या लायब्रऱ्या आणून सांभाळणारं साधन) समजून वापराल तर मनस्ताप ठरलेला. मुख्य रेपोत सबमॉड्यूलचा कोड नसतोच. असतो तो एका कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक; गिटच्या लेखी मोड १६०००० ची एक नोंद. पाथ आणि यूआरएल .गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये. तिथे ब्रँच (कामाची वेगळी फांदी) लिहिली तरी ती फक्त ‘अपडेट --रिमोट’ चालवल्यावर बघितली जाते.

सगळ्यात जास्त घोळ पुलनंतर, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल ओढून घेतल्यावर होतो. मुख्य रेपोतला हॅश पुढे जातो, फोल्डरमधला कोड जुन्याच कमिटवर राहतो. त्या अवस्थेत कुणी ‘कमिट -एएम’ (सगळे बदल एकदम नोंदवणारी कमांड) मारलं की जुना हॅश परत नोंदला जातो. सहकाऱ्याने केलेलं लायब्ररीचं अपग्रेड गुपचूप उलटतं आणि रिव्ह्यूत दिसतात नुसते दोन हॅश. ते कोण वाचतंय? म्हणून ‘सबमॉड्यूल.रिकर्स’ ट्रू (पुलबरोबर सबमॉड्यूलही पुढे नेतं) आणि ‘डिफ.सबमॉड्यूल’ लॉग (नुसत्या हॅशऐवजी कमिट्सची यादी दाखवतं), या दोन सेटिंग टीममधल्या प्रत्येकाच्या मशीनवर हव्यातच. पहिली सेटिंग क्लोनला (रेपोची प्रत पहिल्यांदा उतरवताना) लागू होत नाही. तिथे ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ द्यायचं, राहिलं तर नंतर ‘सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’.

अपडेटनंतर सबमॉड्यूल डिटॅच्ड हेडवर असतं, म्हणजे कुठल्याही ब्रँचवर नाही, थेट एका कमिटवर. तिथे काम करायचं तर आधी ब्रँच काढा. विसरलात आणि पुन्हा अपडेट चालवलं तर कमिट्स रिफ्लॉगमधून (तुम्ही कुठल्या कमिट्सवर होतात याची गिटची स्थानिक नोंदवही) परत मिळतात, पण डीफॉल्ट मुदत ३० दिवसांची.

मुख्य रेपो पुश झाला (सर्व्हरवर गेला) आणि सबमॉड्यूल राहिलं, तर सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) ‘नॉट अवर रेफ’, म्हणजे असं कमिट इथे नाही, म्हणत पडतं. त्यावर उपाय ‘पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स’ ही सेटिंग ‘चेक’वर ठेवणं. पण हीच एरर महिन्याभरानेही येऊ शकते: लायब्ररीची ब्रँच स्क्वॉश-मर्ज (सगळे कमिट्स एकाच नव्या कमिटमध्ये मिसळणं) करून डिलीट केली की नोंदलेलं मूळ कमिट निराधार होतं आणि कधीतरी सर्व्हरवरून साफ होतं. आधी लायब्ररीत मर्ज, शक्यतो टॅग (कमिटला दिलेलं कायमचं नाव), आणि मगच मुख्य रेपोत हॅश बदलायचा. हा क्रम मोडू नका.

यूआरएल ‘../लायब्ररी.गिट’ असा सापेक्ष ठेवला तर एसएसएच आणि एचटीटीपीएस (सर्व्हरशी जोडण्याच्या दोन पद्धती) दोन्हीकडे चालतो. यूआरएल बदलल्यावर प्रत्येकाने ‘सबमॉड्यूल सिंक’ चालवायचं.

सबमॉड्यूलच्या आत सबमॉड्यूल मात्र शक्यतो टाळाच. दोन लायब्रऱ्यांनी तिसरी एकच लायब्ररी आत घेतली असेल तर तिच्या दोन प्रती, वेगवेगळ्या कमिटवर, डिस्कवर येतात. कुठली वापरायची हे गिट ठरवत नाही. सी++ मध्ये ते लिंकिंगला (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवताना) कळतं, किंवा कळतही नाही. तिसरी लायब्ररी वरच्या पातळीवर एकदाच ठेवून बाकीच्यांना तिचा पाथ बिल्डमधून द्यावा.

क्वचित बदलणाऱ्या, नेमक्या कमिटला बांधून ठेवायच्या कोडसाठी सबमॉड्यूल उत्तम. दोन्हीकडे रोज एकत्र बदल होत असतील तर एकच रेपो करा, नाहीतर ‘सबट्री ॲड --स्क्वॉश’. सबट्रीत कोड थेट मुख्य रेपोत येतो, क्लोन करणाऱ्याला काहीच वेगळं करावं लागत नाही. बदल मूळ लायब्ररीला परत पाठवणं मात्र संथ आणि किचकट.

काढून टाकायचं झालं तर आधी ‘डीइनिट’, मग ‘गिट आरएम’, आणि .गिट/मॉड्यूल्स मधलं त्याचं फोल्डर हाताने उडवायचं. ते राहिलं तर त्याच नावाने पुन्हा ॲड करताना गिट अडून बसतं.