बायकांच्या मापाचा सेफ्टी शू : दारूगोळा कारखान्यातील आठ महिन्यांचा अनुभव

नागपूर जिल्ह्यातील एका खासगी दारूगोळा कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून काम करते. आमच्या भरणी आणि पॅकिंग या दोन्ही विभागांत बायकांची संख्या मोठी आहे. पॅकिंगच्या शेडमध्ये तर सकाळच्या पाळीला पुरुष शोधावा लागतो. या बायकांसाठी आम्ही गेल्या वर्षी प्रथमच बायकांच्या पायाच्या साच्यावर बांधलेले सेफ्टी शू मागवले, आणि ते आठ महिने रोज वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण आमची खरेदी निविदेतून होते आणि पुढची निविदा अजून व्हायची आहे. मात्र अशा बुटात काय पाहावे, काय चांगले निघाले आणि काय कमी पडले, हे संरक्षण उत्पादनातील कोणत्याही कारखान्याला उपयोगी पडेल इतक्या तपशिलात सांगते.

आधीची परिस्थिती सांगितल्याशिवाय या बुटाचे मोल कळणार नाही. आमच्या भांडारात पूर्वी येणारा बूट पुरुषांच्या साच्याचा असे आणि त्यातला सर्वांत लहान नंबर पाच. आमच्याकडच्या बहुतेक बायकांचा पाय तीन किंवा चार नंबरचा. मग बायका पुढच्या टोकाला कापूस कोंबत, घरून जाड नायलॉनचे मोजे आणून एकावर एक दोन जोड चढवत, कोणी आत पुठ्ठ्याचा तळ कापून घालत. वरवर पाहता ही गैरसोय वाटते, आणि कित्येक वर्षे ती गैरसोय म्हणूनच खपवून घेतली गेली. पण डेंजर बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिथे उघडी स्फोटके हाताळली जातात त्या इमारतीत, बुटाचे मुख्य काम पायाची बोटे वाचवणे हे नाहीच. चालताना, कपडा कपड्यावर घासताना अंगावर जो स्थिर विद्युतभार साठतो, तो पायातून, बुटाच्या तळातून आणि खालच्या वाहक फरशीतून जमिनीत उतरवणे हे त्याचे खरे काम आहे. पाय आणि तळ यांच्यामध्ये नायलॉनचे दोन थर आणि वर पुठ्ठा आला की ही वाट तुटते. सेफ्टी शूसोबत येणाऱ्या सूचनापत्रकात स्पष्ट लिहिलेले असते की साध्या मोज्याखेरीज कोणतीही विद्युतरोधक वस्तू आतल्या तळावर घालू नये. म्हणजे मापाचा बूट न दिल्यामुळे आम्हीच त्या बायकांना नियम मोडायला लावत होतो, आणि वर त्यांनाच ताकीद देत होतो.

विदर्भात याला हवेचीही जोड मिळते. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की दाराच्या कडीला हात लावताच अंगावर साठलेल्या विजेचा चटका बसतो. घरात त्या चटक्याने माणूस दचकतो एवढेच. भरणीच्या शेडमध्ये संवेदनशील दारूच्या भुकटीसमोर तोच चटका म्हणजे ठिणगी. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात झालेल्या स्फोटात ९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत ६ महिला होत्या. त्या स्फोटाच्या कारणांशी बुटाचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. या उद्योगात बायका किती आहेत आणि नेमक्या कुठे बसलेल्या आहेत, ते त्या आकड्यावरून ज्याने त्याने पाहावे.

आता बुटाविषयी. याच साच्यावर उत्पादक दोन प्रकार देतो आणि आम्ही दोन्ही घेतले. भरणीसाठी वाहक, म्हणजे भार लगेच जमिनीत उतरू देणारा बूट, ज्याचा विद्युतरोध १ लाख ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. आणि पॅकिंगसाठी अँटीस्टॅटिक, म्हणजे भार सावकाश उतरू देणारा बूट, ज्याचा रोध १ लाख ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान असावा लागतो. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत, कारण वाहक बूट घालून चालू विजेच्या यंत्राजवळ काम केले तर धक्क्यापासून काहीच संरक्षण राहत नाही. आमच्याकडे दोन्हींच्या टाचेवर वेगळ्या रंगाची खूण आहे, ती उत्पादकाने मागणीनुसार करून दिली. पुढची टोपी पोलादाची नसून फायबरची आहे आणि २०० ज्यूलच्या आघाताची, म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडल्याइतकी, चाचणी पार केलेली आहे. तळात एकही खिळा नाही आणि आयएसआयचे चिन्ह प्रत्येक जोडीवर आहे.

साच्यातला फरक हातात घेतल्याबरोबर दिसतो. बाईचा पाय म्हणजे पुरुषाचा पाय लहान करून काढलेला नसतो. पंजाच्या मानाने टाच अरुंद असते आणि पायाची कमान वेगळी असते. जुन्या बुटात पाच नंबर घेतला तरी टाच मागे सटकत राही. या बुटाची टाच पकडून बसते. पंजाकडे मात्र उत्पादकाने पुरेशी रुंदी ठेवलेली नाही, आणि ही माझी पहिली तक्रार आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेऊन भारतीय पायांसाठी ‘भा’ ही मापपद्धती सुचवली आहे, आणि भारतीय पाय रुंद असतो हे त्या पाहणीतून पुढे आले आहे. शेतात अनवाणी वाढलेल्या आमच्या बायकांचे पंजे तर आणखी पसरट. त्यात लग्न झालेल्या बायकांच्या दुसऱ्या बोटाला वर्षानुवर्षे जोडवी घातल्याने घट्टा पडलेला असतो. डेंजर बिल्डिंगच्या दाराशी मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना सगळे लॉकरमध्ये काढून ठेवावे लागते. जोडवी निघतात, घट्टा तिथेच राहतो, आणि नेमका तिथे फायबरच्या टोपीची कड लागते. पहिल्या महिन्यात सात-आठ जणींना फोड आले. पुढे चामडे सैलावले तसा त्रास कमी झाला, पण नव्या साच्यात ही रुंदी द्यायलाच हवी.

मुख्य कसोटी शेडच्या दारातल्या टेस्टरची, म्हणजे बुटातून भार जमिनीत उतरतो की नाही हे तपासणाऱ्या यंत्राची. कामगार दोन पट्ट्यांवर पाय ठेवते, बटण दाबते, हिरवा दिवा लागला तरच आत जाते. जुन्या बुटांच्या काळात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोणाचा तरी लाल दिवा लागे, मग मोजे काढा, तळ पुसा, पुन्हा उभ्या राहा असे चाले आणि मागची रांग खोळंबे. बायकांनाच लाल दिवा का लागतो, असा प्रश्न एका सुपरवायझरने मला विचारला होता आणि त्याला बायकांचा निष्काळजीपणा असे उत्तर अपेक्षित होते. नवे बूट आल्यापासून सुती मोज्याचा एकच जोड पुरतो, आणि आठ महिन्यांत लाल दिवा लागला तो बहुतेक वेळा तळाला मेण किंवा धूळ चिकटल्यामुळे. आमच्या भरणी विभागातल्या सर्वांत जुन्या कामगार, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, बूट घातल्या दिवशी दोन-तीन वेळा जागच्या जागी पाय आपटून म्हणाल्या, “म्याडम, आज पह्यल्यांदा पाय भुईले टेकल्यासारखा वाटून रायला.” सतरा वर्षे काम केलेल्या बाईच्या तोंडचे हे वाक्य मी नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवले आहे.

खरेदीची कथा थोडक्यात सांगते, कारण इतरांनाही तीच अडचण येईल. भांडाराच्या मागणीपत्रकात नंबर पाच ते अकरा एवढेच रकाने छापलेले होते. तीन नंबरची मागणी लिहायला जागाच नव्हती, म्हणून ती कधी वर पोहोचली नाही, आणि वर पोहोचली नाही म्हणून बायकांच्या बुटांची गरजच नाही असा समज कायम राहिला. नवा बूट जोडीमागे ३५० रुपयांनी महाग पडतो आणि उत्पादक प्रत्येक नंबराच्या किमान ५० जोड्या घ्यायला लावतो. खरेदी विभागाचे म्हणणे होते की सर्वांना एकच बूट हीच समानता. मी त्यांना शेडच्या दारात आणून अर्धा तास उभे केले आणि मोजे दाखवले; त्यानंतर कागद हलला. पहिल्या नमुन्यावर उत्पादकाने गुलाबी पट्टी लावून पाठवली होती. बायकांनी ती एकमुखाने नाकारली आणि पुरुषांसारखाच काळा बूट मागितला, हे मला फार योग्य वाटले.

हा प्रश्न आता वाढतच जाणार आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने महिलांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत सर्व कामांवर आणि त्यांच्या संमतीने रात्रपाळीतही घेण्याची वाट मोकळी केली. खडकी, देहूरोड, भंडारा, भद्रावती इथल्या शासकीय आयुधनिर्माणींत डेंजर बिल्डिंग वर्कर म्हणून काम करता यावे यासाठी मुली आयटीआयमध्ये एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट) हा ट्रेड घेत आहेत. अग्नी क्षेपणास्त्राच्या प्रकल्पाचे नेतृत्व शास्त्रज्ञ टेसी थॉमस यांनी केले, अग्नी-५ च्या मार्च २०२४ मधील ‘दिव्यास्त्र’ चाचणीचे शास्त्रज्ञ शीना राणी यांनी केले, आणि त्यांची छायाचित्रे आमच्याही सूचनाफलकावर अभिमानाने लावलेली आहेत. त्या फलकाखालून रोज आत जाणाऱ्या कामगारांच्या पायात मापाचा बूट असणे हा त्याच गोष्टीचा भाग आहे, असे मी मानते.

सेवेबाबत एक गोष्ट उत्पादकाच्या बाजूने लिहिलीच पाहिजे. आमच्या तपासणी विभागात पोलिओमुळे एक पाय लहान राहिलेला सहकारी आहे. त्याला उजवा बूट सात आणि डावा पाच नंबरचा लागतो. आजवर त्याच्यासाठी दोन जोड्या घेऊन एकेक बूट वाया जाई, आणि भांडारपाल दर वेळी कुरकुर करी. या उत्पादकाने विजोड जोडी एका जोडीच्या किमतीत दिली, शिवाय डाव्या टाचेची उंची वाढवून त्यासह पुन्हा विद्युतरोधाची चाचणी करून प्रमाणपत्र जोडले. उंची वाढवल्यावर चाचणी परत करावी लागते हे आम्ही सांगण्याआधी त्यांना ठाऊक होते.

मागवणाऱ्यांसाठी दोन सूचना. पायाची मापे संध्याकाळी, पाळी संपल्यावर, उभे राहून आणि सुती मोजा घालून घ्यावीत, दोन्ही पायांची घ्यावीत, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजतो. आणि माल आल्यावर प्रमाणपत्रावर विसंबून न राहता प्रत्येक जोडी स्वतःच्या टेस्टरवर तपासावी; आमच्या पहिल्या खेपेत चार जोड्या परत पाठवाव्या लागल्या, त्या तीन आठवड्यांत बदलून मिळाल्या.

वजन अजून थोडे कमी करता येईल आणि उन्हाळ्यात आतला अस्तराचा कपडा ओला राहतो, या तक्रारी आहेत. पण सर्वांत मोठी उणीव नंबरांची आहे. बूट तीन ते सातपर्यंतच मिळतो. यंदा आमच्याकडे आयटीआयमधून आलेल्या शिकाऊ मुलींपैकी एकीचा पाय दोन नंबरचा आहे. ढिला बूट घालून तिला भरणीच्या शेडमध्ये सोडायला मी तयार नाही, त्यामुळे तिच्या बरोबरीच्या मुली तिथे काम शिकत असताना ती चार महिने नोंदवह्या लिहीत बसली आहे. दोन नंबरचा साचा तयार होत असल्याचे उत्पादकाने पत्राने कळवले आहे. मी त्यांना तिच्या दोन्ही पायांचे आरेखन कागदावर काढून पाठवले आहे.