रणगाड्यांची युद्धकॉमिक्स: बोल्ट बरोबर, अंतर चूक

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या लढायांचं कॉमिक हातात आलं की जाणकार वाचक आधी जर्मनांचा टायगर रणगाडा टायगरसारखा दिसतोय का ते बघतो. ही कसोटी आता फारशी उपयोगाची नाही. फोटो, आराखडे, मॉडेलं इतकी सहज मिळतात की चित्रकार बोल्टसुद्धा मोजून काढतो. चुकतं ते अंतर.

पानाची रुंदी जेमतेम वीतभर. तेवढ्यात अमेरिकी बनावटीचा शर्मन आणि टायगर दोन्ही ओळखू यायला हवेत, म्हणजे दोघं वीस-तीस मीटरवर येऊन भिडलेच. प्रत्यक्षात मोकळ्या रानात कित्येक शे मीटरवरून गोळे सुटायचे, वाळवंटात हजार मीटरच्याही पुढून. टायगरची रुंदी सुमारे पावणेचार मीटर. हजार मीटरवर तो हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा दिसणार, आणि तोही झाडीआड, फक्त बुरूज, म्हणजे तोफेचा फिरणारा वरचा भाग, वर काढून. म्हणून ही लढाई मुळात शोधाशोधीची असते. ज्याला समोरचा आधी दिसला त्याचं निम्मं काम झालं. ज्या कॉमिकमध्ये कमांडर दुर्बीण लावून पानभर नुसता कुंपणं न्याहाळतोय, ते बिनधास्त घ्यावं.

जवळून लढाया झाल्याच नाहीत असं नाही. १३ जून १९४४ ला नॉर्मंडीतल्या विलेर-बोकाजजवळ एक टायगर रस्त्यावर थांबलेल्या ब्रिटिश ताफ्याच्या कडेकडेने गोळे मारत गेला. पण तिथे एक बाजू बेसावध होती. कॉमिकमध्ये दोन्ही बाजू सावध असतात आणि तरीही एकमेकांच्या अंगावर जातात, तिथे विश्वास उडतो.

आता नावं घेऊन. ब्रिटनमधली ‘कमांडो’ ही खिशात मावणारी मालिका १९६१ पासून चालू आहे. आतली चित्रं काळी-पांढरी, पानावर दोन-तीन चौकटी. ही छोटी चौकट बुरुजाच्या आतल्या प्रसंगांना फार शोभते, कारण आत जागाच तेवढी असते: खांद्याला खांदा, गुडघ्याला तोफेचा मागचा भाग. बाहेरची लढाई आली की तीच चौकट अपुरी पडते. शिवाय दर अंकाला लेखक-चित्रकार वेगळे, त्यामुळे दर्जा वरखाली. मालिकेचं नाव किंवा मुखपृष्ठ बघून घेऊ नये. मधलं पान उघडून बघावं.

अमेरिकेतली ‘हॉन्टेड टँक’ ही मालिकाही १९६१ ची. लेखन रॉबर्ट कॅनिगर यांचं, सुरुवातीची चित्रं रस हीथ यांची. एका छोट्या स्टुअर्ट रणगाड्याला यादवी युद्धातल्या सेनापतीचं भूत सल्ला देतं. हीथ यांची रेघ अप्रतिम आहे, पोलादाचं वजन जाणवतं. भूतही एकवेळ मानता येतं. पटत नाही ती स्टुअर्टची ३७ मिमीची तोफ. तिचा गोळा ५०० यार्डांवर, ३० अंशांच्या कोनात, जेमतेम ५० मिमीच्या आसपास पोलाद भेदतो. टायगरची पुढची भिंत १०० मिमी, बाजूची ८०. समोरासमोर टायगर फोडणारा स्टुअर्ट म्हणजे गोफणीने बुरूज पाडणं. तो टायगरच्या चाकांवरचा पोलादी पट्टा तोडेल, दुर्बिणीची काच फोडेल, धूर सोडून पळेल. १९४४ मध्ये त्याचं काम बहुतेक टेहळणीचंच होतं.

गार्थ एनिस आणि कार्लोस एझ्केरा यांच्या ‘द फायरफ्लाय अँड हिज मॅजेस्टी’मध्ये जोडी तरी बरोबरीची आहे: शर्मन फायरफ्लाय, म्हणजे मोठी ब्रिटिश तोफ बसवलेला शर्मन, विरुद्ध टायगरचा थोरला भाऊ किंग टायगर. फायरफ्लायवरची १७ पौंडी तोफ जर्मन चिलखत भेदू शकायची. पण तिचा जाळ आणि उडणारी धूळ इतकी, की आपला गोळा कुठे पडला हे तोफचीलाच दिसायचं नाही. गोळे मोठे म्हणून पुढचा मशीनगनवाला काढून त्याच्या जागी गोळे रचले. दल पाचाचं चारावर आलं. कुठल्याही कॉमिकमध्ये फायरफ्लायमधून पाच जण उड्या मारताना दिसले, तर समजून घ्यावं.

संवादांतही बरंच कळतं. बुरुजात गप्पा नसतात. इंजिनाच्या आवाजात सगळं बोलणं कानाला लावलेल्या इंटरकॉमवरून, आणि ते ठरलेल्या क्रमाने: तोफचीला हाक, बुरूज कुठे फिरवायचा, ‘सावकाश’, ‘बस’, अंतर, गोळ्याचा प्रकार, मग ‘फायर’. लोडर गोळा सारून ‘लोडेड’ म्हणतो. तोफ सुटताच तिचा मागचा भाग फूटभर आत येतो, गरम पितळी नळकांडं खाली पडतं, बुरुजात दारूचा धूर भरतो. सहा फुग्यांत मावणारा हा क्रम बहुतेक लेखक गाळतात आणि त्या जागी शत्रूला शिव्या घालतात. गोळा अंगावर येताना ‘आला, आला!’ असं ओरडणं तर निव्वळ खोटं. टायगरचा गोळा सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघतो, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त. हजार मीटरवर तो दीड सेकंदात पोचतो, तोफेचा आवाज तिसऱ्या सेकंदाला.

गोळा लागला की रणगाड्याचे तुकडे हवेत, हे आणखी एक ठरलेलं चित्र. बहुतेक वेळा बाहेरून एक भोक दिसतं आणि आतल्या पोलादाच्या कपच्या उडून माणसं जखमी होतात. रणगाडा मेला की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो पेटेपर्यंत त्याच्यावर पुन्हा पुन्हा गोळे मारले जायचे. शर्मन पेट्रोलमुळे पेटायचा ही समजूतही कॉमिक्सनी जोपासली. टायगर आणि पँथर हे जर्मन रणगाडेही पेट्रोलवरच चालायचे. शर्मनची खरी आग आतल्या गोळ्यांच्या दारूची. म्हणून १९४४ पासून गोळ्यांचे कप्पे खाली हलवून त्यांच्याभोवती पाणी ठेवायला सुरुवात झाली.

बुरूज फिरवण्याची शर्यत मात्र खरी, आणि नाट्य हवं असेल तर ते इथे आहे. शर्मनचा बुरूज पंधराएक सेकंदांत पूर्ण फिरतो. टायगरच्या बुरुजाला ताकद मुख्य इंजिनाकडून मिळते. इंजिन जोरात असताना मिनिटभर, बंद असेल तर हाताने चाक फिरवत बसायचं. कडेने गाठलेल्या टायगरची गोष्ट या एका मिनिटावर उभी करता येते. फार थोडे लेखक ती करतात.

दुकानात उभ्याउभ्या तपासायच्या काही गोष्टी. पट्टा ओढणारं दातेरी चाक शर्मन, टायगर, पँथरला पुढे असतं. रशियन टी-३४, ब्रिटिश क्रॉमवेल आणि चर्चिलला मागे. टायगर आणि टी-३४ चा वरचा पट्टा मोठ्या चाकांवरच टेकतो, शर्मनला वेगळे छोटे रोलर असतात. शर्मनचा कमांडर तोफेच्या उजवीकडे बसतो, टायगरचा डावीकडे. बाजू उलटली असेल तर चित्रकाराने फोटो आरशासारखा फिरवून काढलाय. टायगरच्या अंगावर रिव्हेटच्या रांगा असतील तर पुस्तक परत ठेवा. तो वेल्डिंगचा आहे. तारीखही बघा. टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला १९४२ च्या उन्हाळ्याअखेर, लेनिनग्राडकडे. आफ्रिकेत तो ट्युनिशियात आला, ऑक्टोबर १९४२ च्या इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईत नव्हता. पँथर जुलै १९४३ च्या रशियातल्या कुर्स्कच्या लढाईआधी नाही. सगळे मिळून टायगर-१ बनले साडेतेराशेच्या आसपास, जर्मनांचाच मध्यम रणगाडा पँझर-४ आठ हजारांहून जास्त. ज्या अंकात दर कुंपणामागे टायगर आहे, तिथे लेखकाला दुसरं नाव माहीत नाही.

एक गोष्ट अजून कुठल्याच चित्रकाराने काढलेली दिसत नाही. टायगर रेल्वेवर चढवायचा तर त्याचे ७२५ मिमी रुंदीचे लढाईचे पट्टे उतरवून, बाहेरची चाकं काढून ५२० मिमीचे अरुंद पट्टे चढवावे लागत. उतरवताना सगळं पुन्हा उलट.