मायकेल पॅलिन यांचे ऐंशी दिवस : डीव्हीडी संच उत्तम, विक्रेता सुमार

‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ ही मायकेल पॅलिन यांची बीबीसीवरील सात भागांची प्रवासमालिका (१९८९) मी डीव्हीडी संचाच्या रूपात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. खोके चेपलेले आले, आणि संच ब्रिटनमधील, म्हणजे ‘रीजन’ क्रमांक दोनचा (डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा क्रमांक) असल्याने आपल्याकडील रीजन क्रमांक पाचच्या प्लेअरने तो नाकारला, विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते. नवी पेठेतील एका दुरुस्तीवाल्याने प्लेअरचे बंधन काढून दिले, तेव्हा कुठे सोलापुरात पृथ्वीप्रदक्षिणा सुरू झाली.

पॅलिन मुळात विनोदी लेखक. १९६९ पासून ‘माँटी पायथन’ आणि पुढे ‘रिपिंग यार्न्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकांसाठी त्यांनी टेरी जोन्स यांच्यासह लेखन केले. २५ सप्टेंबर १९८८ रोजी ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीतील नायकाप्रमाणे ऐंशी दिवसांत, विमानाला हात न लावता जगप्रदक्षिणा करण्यासाठी ते लंडनच्या रिफॉर्म क्लबमधून निघाले, तेव्हा प्रवासी निवेदक म्हणून त्यांचे नाव झालेले नव्हते. परंतु प्रसंग कोठे थांबवायचा, समोरच्याला किती बोलू द्यायचे आणि हसे करायचेच तर ते स्वतःचे, ही लेखकाची जाण प्रत्येक भागात त्यांच्या उपयोगी पडते. दुबईहून मुंबईला येणाऱ्या गलबतावरचा भाग मी तीनदा पाहिला. गुजराती खलाशांच्या सोबतीने ते सहज रुळतात, आणि एका वयस्क खलाशाच्या कानाला वॉकमन लावून ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे गाणे ऐकवतात, तेव्हा निवेदनाची गरजच उरत नाही.

मुंबई ते मद्रास हा रेल्वेप्रवास मात्र फार लवकर आटोपतो. माझे वडील रेल्वेच्या सोलापूर विभागात नोकरीला असल्याने, याच लोहमार्गाविषयी मला जरा जास्तच अपेक्षा होती, हे कबूल करतो. हाँगकाँगनंतरचे भागही थोडे घाईचे वाटतात. तरीही मुदतीत परतलेल्या पॅलिन यांना रिफॉर्म क्लबने चित्रीकरणासाठी आत येऊ दिले नाही, हा शेवट कोणत्याही पटकथेत शोभला असता.

चित्र जुन्या दूरदर्शनच्या वळणाचे आहे. मोठ्या पडद्यावर ते फिकट दिसते. ‘पोल टू पोल’ (१९९२) किंवा ‘हिमालया’ (२००४) या पॅलिन यांच्या नंतरच्या प्रवासमालिका आधी पाहिलेल्यांनीही हा संच घ्यावा, मात्र पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला रीजन विचारून घ्यावा.