एकच प्याला: वाचायला घेणार असाल तर

राम गणेश गडकऱ्यांचं हे पाच अंकी नाटक 1919 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलं. दारूबंदीचं प्रचारनाट्य समजून वाचलंत तर निम्मं हातचं जाईल.

नायक सुधाकर व्यसनी म्हणून बुडत नाही, मानी म्हणून बुडतो. वकिलीची सनद काही काळ रद्द होते, तो अपमान विसरायला दारुडा तळीराम पहिला पेला पुढे करतो. अ‍ॅरिस्टॉटलचा शोकनायक असाच असतो: ना पुरता सज्जन, ना दुष्ट, एका प्रमादाने कोसळणारा. निव्वळ सज्जनाचा नाश दाखवला तर करुणा आणि भीती जागत नाहीत, किळस येते, असं तो म्हणतो. या मापाने सुधाकरची बायको सिंधू शोकनायिका ठरत नाही. ती दळण दळते, माहेरी जायला नकार देते, मरताना नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. आपण रडतो खरे, पण तिच्या हातून काही चुकतच नाही. रडू येणं आणि शोकात्म अनुभव, यांत एवढा फरक आहे.

संहितेतली सर्वांत सरस जागा मूल दगावण्याची नव्हे. सुधाकर दारू सोडून नोकरी मागत फिरतो आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला हिडीसफिडीस करतात, ती आहे. सुटकेची वाट दिसते आणि तोच पुन्हा बाटलीकडे वळतो. इथे पडणं अपघात राहत नाही, स्वभावातून अटळ होतं. शेवटी स्वतःच्या हातून काय घडलं हे त्याला कळतं, पण मूल गेल्यावर. विषाचा पेला त्यानंतरचा.

दोष? सुधाकरचा मित्र रामलाल आणि विधवा बहीण शरद यांचं उपकथानक लांबतं, आणि रामलालची भाषणं मधेच गाडी रोखतात. आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचे, प्रवेश मात्र विनोदी म्हणून गाळू नका. तिथलं हसू पुढे घशात अडकतं. गाळले तर उतार एकदम येतो आणि पटत नाही.

प्रत घेताना ती संक्षिप्त नाही ना, हे पाहा. पदं वि. सी. गुर्जरांची आहेत, ‘कशि या त्यजू पदाला’ त्या प्रवेशातच वाचा, सुटं ऐकलेलं पुरत नाही. मोठ्याने वाचलंत तर उत्तम, कारण गडकऱ्यांची लांब वाक्यं डोळ्यांना जड जातात, तोंडात मात्र बसतात.

पाचपैकी चार. एक रामलालच्या भाषणांचा कापला.