डार्विनचा पत्रसंग्रह: विकृत फुलं, पट्ट्यांचे घोडे आणि पेन्सिलीच्या खुणा (वापरानंतरचा अनुभव)

पत्र उघडावं तर ते वाक्याच्या मधूनच सुरू होतं. वर मायना नाही, तारीख नाही, खाली सही नाही. या संग्रहात हे नेहमीचं आहे आणि सुरुवातीला त्याचा फार वैताग येतो. केंब्रिजने छापलेले डार्विनच्या पत्रव्यवहाराचे 30 खंड, पंधरा हजारांवर पत्रं, सगळा मजकूर ऑनलाइन आणि फुकट, हे इथल्या वाचकांना माहीत असेलच. माझा वापर एकाच कामापुरता आहे: प्राण्यांत आणि झाडांत अचानक उमटणारे फरक, विकृती, जादा बोटं, भलतीच फुलं यांवरचा पत्रव्यवहार. आणि सगळ्यात जास्त तुटलेली पत्रं नेमकी याच विषयावरची आहेत.

तुटली कारण डार्विनने ती कात्रीने कापली. त्याच्याकडे विषयवार फायली असत. एका पत्रात वर कबुतरं आणि खाली कुत्रे असतील, तर वरचा तुकडा एका फायलीत आणि खालचा दुसरीत. मधली ख्यालीखुशाली बहुतेक वेळा गेलीच. संपादकांनी हे तुकडे शाई, कागद, अक्षर आणि मजकूर पाहून परत जुळवलेत, पण सगळेच जुळलेले नाहीत. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत माझं मत असं होतं की या विषयासाठी हा संग्रह अर्धवट आहे आणि त्यापेक्षा डार्विनचं 1868 चं पाळीव प्राणी-वनस्पतींवरचं दोन खंडांचं पुस्तक वाचलेलं बरं.

ते मत बदललं. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने लिहून ठेवलंय की वडील आलेली पत्रं लोखंडी सळ्यांवर टोचून ठेवत आणि सळ्या भरल्या की कित्येक वर्षांची पत्रं एकदम जाळून टाकत. 1862 पूर्वी आलेली बहुतेक पत्रं अशीच गेली. फायलीत टाकलेले तुकडे मात्र त्या आगीतून सुटले. म्हणजे कलकत्त्याहून प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने 1855-56 मध्ये पाठवलेली लांबलचक टिपणं आज वाचता येतात, ती डार्विनला त्यांतली माहिती पुढे वापरायची होती म्हणून. कात्रीचा राग तिथेच संपला.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा संग्रह कुणालाही वापरायला सांगेन ती: मजकुराच्या खाली येणारा डार्विनच्या खुणांचा छोटा भाग. बरेच जण तो न वाचताच पुढे जातात, कारण तो नुसत्या आकड्यांचा दिसतो. पहिला आकडा परिच्छेदाचा, बिंदूनंतरचा ओळीचा, मग खूण केलेल्या भागाचा पहिला आणि शेवटचा शब्द, आणि शेवटी खूण कशाने केली ते: पेन्सिल, शाई, लाल, निळा किंवा तपकिरी खडू. समासात उभी रेघ म्हणजे हे लक्षात ठेवायचं. मजकुरावर मारलेली काट म्हणजे तो नको होता किंवा वापरून झाला. पत्राच्या डोक्यावर तपकिरी खडूने एकटाच आकडा असेल तर तो फायलीचा नंबर. सारख्या नंबरांची पत्रं शोधून एका जागी ठेवली की त्याची फाइल तुमच्या टेबलावर परत उभी राहते. अशी सोय मला दुसऱ्या कुठल्याही पत्रसंग्रहात मिळालेली नाही.

यात एक अडचण आहे. ओळींचे आकडे छापील पानाप्रमाणे आहेत. फोनवर किंवा संगणकावर ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे तुटतात, त्यामुळे '2.6' म्हणजे दुसऱ्या परिच्छेदाची सहावी ओळ मोजायला गेलात तर भलत्याच वाक्यावर पोचाल. ओळ मोजूच नका. दिलेला पहिला शब्द त्या परिच्छेदात शोधा, मग शेवटचा, आणि मधला भाग आपल्या वहीत उतरवून घ्या. मायना वेगळा धरलेला असतो, परिच्छेद मोजताना तो वगळायचा.

शोधपेटीत 'अ‍ॅबनॉर्मल' टाकून फारसं हाती लागत नाही. त्या काळचे माळी आणि पशुपालक 'स्पोर्ट', 'मॉन्स्टर', 'मॉन्स्ट्रॉसिटी', 'पेलोरिक' (ओठाऐवजी गोल नळीचं झालेलं फूल), 'लुसस' असं लिहीत. त्याहून चांगला रस्ता म्हणजे प्राण्याच्या जातीचं किंवा झाडाचं नाव टाकणं. 'डॉर्किंग' टाकलं तर पाच बोटांच्या कोंबड्यांपर्यंत पोचता येतं, 'अँटिऱ्हायनम' (स्नॅपड्रॅगनचं फुलझाड) टाकलं तर विकृत फुलांपर्यंत. चौकोनी कंसातली तारीख संपादकांनी अनुमानाने ठरवलेली असते. तारखेनुसार यादी लावून कोणी कुणाला आधी सांगितलं असा निष्कर्ष काढायचा असेल तर कंसातली पत्रं आधी बाजूला काढा, मग तळटीप वाचून एकेक परत घ्या.

नेमकं काय हाती लागतं याचं एक उदाहरण. 1859 च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकात पाचव्या प्रकरणात काठियावाडी घोडे येतात. माहिती देणारे कर्नल पूल. त्यांनी या जातीची पाहणी हिंदुस्थान सरकारसाठी केली होती. पाठीच्या कण्यावर पट्टा नेहमी, पायांवर आडवे पट्टे बहुतेकांना, खांद्यावरचा पट्टा कधी दुहेरी तर कधी तिहेरी, कधी गालावरही पट्टे. शिंगरात सगळ्यात ठळक, म्हाताऱ्या घोड्यात कधी पार पुसलेले. आणि पट्टे नसलेला घोडा तिथे अस्सल मानत नाहीत. काठियावाडात पट्टे म्हणजे शुद्धतेची खूण, आणि डार्विनला त्यांत घोडा, गाढव, झेब्रा यांच्या सामाईक पट्टेरी पूर्वजाची आठवण दिसते. पुस्तकात हे चार-दोन वाक्यांत संपतं. त्यामागची चौकशी, म्हणजे कोणता रंग, कोणतं वय, किती घोडे, ती पत्रांच्या बाजूने वाचली तर समजते.

दुसरं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. त्याच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत निळ्या डोळ्यांची मांजरं हमखास बहिरी असतात असं सरळ विधान आहे. शेवटच्या आवृत्तीत ते आखडतं: पूर्ण पांढरी आणि निळ्या डोळ्यांची मांजरं बहुधा बहिरी, आणि टेट यांच्या म्हणण्याप्रमाणे फक्त बोके. मध्ये माहिती देणाऱ्यांत दूरचा चुलतभाऊ पाद्री विल्यम डार्विन फॉक्स आहे. त्याने डझनावर मांजरं पाहिलेली, इंग्रजी, पर्शियन आणि डॅनिश, आणि एकच डोळा निळा असेल तर मांजराला ऐकू येतं ही नोंदही त्याचीच. आज आपल्याला कारण माहीत आहे: रंगपेशी आतल्या कानापर्यंत पोचल्या नाहीत की श्रवणाची यंत्रणा खराब होते. फॉक्सला कारण ठाऊक नव्हतं, पण अपवाद त्याने बरोबर टिपला होता.

फुलांच्या बाजूला 1860 चा फेब्रुवारी चुकवू नका. लंडनजवळच्या क्यू वनस्पती-बागेत बेगोनिया फ्रिजिडाच्या एका झाडाला नेहमीच्या नर-मादी फुलांबरोबर उभयलिंगी फुलंही आली, आणि त्यांत पाकळ्या बीजकोशाच्या वर असायच्या त्या खाली. डब्लिनचा वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वे याने ते गार्डनर्स क्रॉनिकल या बागकामाच्या साप्ताहिकात मांडलं: रानात असं झाड सापडलं असतं तर वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळं कुळ दिलं असतं, मग उत्क्रांती लहान पावलांनीच होते हे कशावरून? क्यूचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डार्विनचा मित्र हूकर याने तिथेच उत्तर दिलं. डार्विनचा पाठीराखा प्राणिशास्त्रज्ञ हक्सले यानेही 23 नोव्हेंबर 1859 च्या पत्रात, पुस्तक बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी, निसर्ग उडी मारत नाही हे तत्त्व इतकं घट्ट धरून विनाकारण अडचण ओढवून घेतली आहेस असं डार्विनला बजावलं होतं. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. पुढे क्यूच्या क्रॉकरने नेहमीच्या फुलांचं बी लावलं, तर रोपांनाही जवळपास तेवढ्याच प्रमाणात ती उभयलिंगी फुलं आली. पण ती स्वतःच्या परागाने फळत नव्हती.

पेलोरिक फुलांवर वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्सवेल मास्टर्सशी झालेला पत्रव्यवहार वाचताना 1868 चं पुस्तक शेजारी हवंच. डार्विनने ओठाच्या साध्या अँटिऱ्हायनमचा गोल नळीच्या पेलोरिक झाडाशी संकर केला. पहिली पिढी सगळी साधी. तिच्या बियांची 127 रोपं: 88 साधी, 2 मधली, 37 पेलोरिक. मेंडेलच्या तीनास एकच्या हिशेबाने सुमारे 95 आणि 32 यायला हवीत, म्हणजे आकडे तिथून फार लांब नाहीत. मेंडेलचा आनुवंशिकतेवरचा निबंध 1866 मध्ये छापून झालेला होता. डार्विनने मात्र आपल्या या आकड्यांतून एवढंच काढलं की एक पिढी दबलेली प्रवृत्ती पुढच्या पिढीत जोर धरते. हे वाचून जीव हळहळतो.

कळीतून, म्हणजे बियांशिवाय एखाद्या फांदीवरच, होणारे फरक बघायचे असतील तर सॉब्रिजवर्थच्या रोपवाटिकेचे टॉमस रिव्हर्स हे नाव टाका. पीचच्या झाडावर नेक्टरिन येण्याची पहिली नोंद कॉलिन्सनची, 1741 ची. थॉमसन सीडलेस द्राक्षातून निवडलेलं तास-ए-गणेश लावणाऱ्या सांगली-नाशिककडच्या बागायतदारांना या पत्रांतला एकही प्रश्न परका वाटणार नाही.

तळटिपांतल्या पानांबाबत सावध राहा. त्या बहुतेक 1868 च्या पहिल्या आवृत्तीच्या पानांकडे बोट दाखवतात. इंटरनेटवर चटकन सापडणारी प्रत अनेकदा 1875 च्या दुसऱ्या आवृत्तीची किंवा तिच्या पुनर्मुद्रणाची असते. पानं जुळत नाहीतच, मजकूरही बदललेला आहे. जादा बोट कापल्यावर परत उगवतं असं 1868 मध्ये आहे, आणि पॅजेटसारख्या शल्यविशारदांना विचारल्यावर डार्विनने ते 1875 मध्ये मागे घेतलं. दोन्ही आवृत्त्या फुकट मिळतात, दोन्ही उतरवून घ्या. वहीत प्रत्येक पत्रासाठी नंबर, तारीख (कंस असेल तर कंसासकट), फायलीचा आकडा, खूण, 1868 चं पान आणि 1875 चं पान एवढे रकाने आखले की पुरतात.

छापील खंड विकत घ्यायचे का? या कामासाठी नाही. ते महाग आहेत आणि ऑनलाइनपेक्षा जास्तीचं मिळतं ते मुख्यतः ओळींचे आकडे जुळण्याचं सुख. ग्रंथालयात मिळाले तर 5, 8 आणि 11 चाळा, आणि 13 वा जरूर बघा, कारण 1822 ते 1864 ची मागाहून सापडलेली पत्रं त्याच्या पुरवणीत आहेत. 1868 सालासाठी दोन भागांचा 16 वा खंड आहे. पुस्तक वाचून लोकांनी आपापल्या घरची मांजरं, बोटं आणि फुलं कळवायला सुरुवात केली ती तिथे. सुरुवात तिथूनच करा. हूकरबरोबरच्या पत्रांचे मूळ कागदाचे फोटोही केंब्रिजच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, तिथे खडूचा रंग डोळ्यांनी तपासता येतो.