कोटेशनच्या टेबलावर काहनेमन : काही महिन्यांच्या वापरानंतर

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे, म्हणजे कारखान्यांना लागणारी खास साधनं बनवणारं वर्कशॉप. फिक्स्चर (मशीनवर सुटा भाग पक्का धरून ठेवणारी साधनं), गेज (मापं तपासणारी साधनं), अधूनमधून एखादी लहान डाय (साचा) अशी कामं असतात. मशीनचं सगळं माझा नवरा आणि दीर बघतात. कोटेशन, खरेदी, डिस्पॅच आणि पेमेंटचा पाठपुरावा माझ्याकडे. धंदा, मानसशास्त्र आणि व्यक्तिमत्त्व विकास या कप्प्यातली पुस्तकं मी आवडीने वाचते. पण डॅनियल काहनेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' गेले कित्येक महिने माझ्या टेबलावर कोटेशनच्या फायलीशेजारी आहे आणि त्याचा सतत काही ना काही उपयोग होतोय, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितेय. सोबत वाचलेल्या इतर काही पुस्तकांबद्दलही सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. या कप्प्यातलं पुस्तक तुमच्या टेबलावरचा एखादा कागद बदलणार असेल, तर ते विकत घ्या. वाचून नुसता उत्साह येणार असेल, तर वाचनालयातून आणा आणि परत करा.

काहनेमन मानसशास्त्रज्ञ. माणूस अंदाज आणि निर्णय कसे करतो आणि त्यात कुठे चुकतो, हा पुस्तकाचा विषय. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना 2002 मध्ये मिळालं, पुस्तक 2011 मध्ये आलं आणि 2024 च्या मार्चमध्ये ते गेले. अ‍ॅमॉस ट्वर्स्की या मित्रासोबत केलेलं त्यांचं काम पुस्तकभर पसरलेलं आहे. एकूण 38 प्रकरणं, पाचशेच्या आसपास पानं. सलग वाचायला घेतलं तर दमछाक होते, आणि बहुतेकजण पहिल्या भागातच सोडून देतात असं मला दिसलंय. वर्कशॉपवाल्यांनी सरळ तेविसाव्या प्रकरणावर जावं.

त्यात एक हकीकत आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी निर्णयशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करायला काहनेमन यांनी एक गट जमवला होता. काम छान चाललेलं. एक दिवस त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, की पुस्तक पूर्ण व्हायला अजून किती काळ लागेल? सगळ्यांची उत्तरं दोन वर्षांच्या आसपास. मग त्यांनी गटातल्याच सीमूर फॉक्स या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, की असं काम हाती घेतलेल्या इतर गटांचं काय झालं? फॉक्स थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, सुमारे 40 टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. ही माहिती त्यांच्याकडे आधीपासून होती. तरी स्वतःच्या चिठ्ठीवर त्यांनीही इतरांसारखाच आकडा लिहिला होता. शेवटी त्या पुस्तकाला आठ वर्षं लागली आणि तोवर शिक्षण खात्याचा उत्साह संपलेला होता.

टूलरूममध्ये काम करणाऱ्या कुणालाही यात आपला धंदा दिसेल. पार्टी, म्हणजे ग्राहक, विचारते, फिक्स्चर कधी देणार? आपण ड्रॉइंग समोर ठेवतो आणि मनात ऑपरेशन मोजायला लागतो. मटेरियल दोन दिवस, रफिंग तीन दिवस, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, असेंब्ली, ट्रायल. बेरीज करून तारीख सांगतो. या बेरजेत पार्टीकडून डिझाइन अप्रूव्हल यायला लागणारा वेळ नसतो, हीट ट्रीटमेंटवाल्याकडची रांग नसते, गुरुवारची सुट्टी कधीकधी विसरली जाते, आणि मध्येच दुसऱ्या पार्टीचं ब्रेकडाउनचं काम मशीनवर चढणार हे तर कुणी धरतच नाही. काहनेमन याला आतून बघणं म्हणतात. बाहेरून बघणं म्हणजे हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवायचं आणि आधी विचारायचं, की अशा जातीच्या कामांना आजवर प्रत्यक्षात किती दिवस लागले?

हे उत्तर आमच्याकडे होतं. प्रत्येक वर्कशॉपकडे असतं. पीओची (पर्चेस ऑर्डरची) तारीख एका फाइलमध्ये, डिलिव्हरी चलनाची तारीख दुसऱ्या. मी दोन्ही फायली समोर घेऊन जुन्या कामांचं एक रजिस्टर केलं. कामं तीन जातींत वाटली: साधी ड्रिलिंग फिक्स्चर, हायड्रॉलिक क्लॅम्पिंगची फिक्स्चर आणि गेज. प्रत्येक कामापुढे एकच आकडा, पीओपासून चलनापर्यंतचे दिवस. त्या जातीतला मधला आकडा हा आता आमचा पाया. नवीन चौकशी आली की आधी तो आकडा कागदावर लिहायचा, मगच ड्रॉइंग उघडायचं. काम नेहमीपेक्षा सोपं वाटलं तर थोडं कमी करायचं, अवघड वाटलं तर वाढवायचं, पण सुरुवात तिथूनच.

क्रमाला फार महत्त्व आहे. ड्रॉइंग आधी उघडलं की डोक्यात ऑपरेशनची बेरीज सुरू होते आणि मग रजिस्टरमधला आकडा अवास्तव मोठा वाटायला लागतो. भाऊजींना पहिले काही आठवडे हा प्रकार अजिबात पटला नाही. त्यांचं म्हणणं, एवढी लांबची तारीख दिली तर पार्टी शेजारच्या गाळ्यात जाईल. काही पार्ट्या गेल्याही. ज्या राहिल्या त्यांच्याकडून 'कुठवर आलं काम' म्हणून येणारे फोन मात्र खूप कमी झाले, आणि दिलेल्या तारखेला माल जायला लागल्यावर भाऊजी आता स्वतःच रजिस्टर मागतात. ज्यांचा धंदा केवळ कमी दिवसांच्या तारखेवर चालतो, त्यांना हा नियम जड जाईल हे खरं आहे.

चोविसाव्या प्रकरणात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक पद्धत दिली आहे. काम सुरू करायच्या आधी सगळ्यांनी बसायचं आणि कल्पना करायची, की वर्ष उलटून गेलंय आणि हे काम पूर्ण फसलंय. मग प्रत्येकाने ते का फसलं याची हकीकत पाच-दहा मिनिटांत लिहायची. आम्ही मोठ्या ऑर्डरच्या आधी, चहाच्या वेळी, हे करतो. लिहायचा कंटाळा असणारा ऑपरेटरही यात बोलतो, कारण इथे शंका काढणं हेच त्याला दिलेलं काम असतं. एरवी मालकाने ऑर्डर घेतली म्हटल्यावर 'हे लोकेटर चुकीच्या बाजूला आहे, चिप (धातूचा कीस) अडकणार' असं कोण तोंडावर सांगणार? या पद्धतीत ते सहज बाहेर येतं. पूर्ण पुस्तकातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट मी हीच मानते.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं प्रकरण बाविसावं. अंदाज, अनुभवाची नजर, पोटातून येणारी जाणीव यावर विश्वास कधी ठेवायचा, याचा शोध त्यात आहे. क्लाइन यांचा अनुभवी माणसाच्या नजरेवर विश्वास, काहनेमन यांचा तिच्यावर संशय. दोघांनी मिळून काम केलं आणि 2009 मध्ये एकत्र लेख लिहिला. उत्तर दोन अटींचं निघालं: परिस्थितीत काही नियम असला पाहिजे, आणि तो नियम शिकायला भरपूर सराव व त्यासोबत लगेच कळणारा निकाल मिळाला पाहिजे.

हे वाचल्यावर मला आमच्याच घरातली दोन माणसं दिसली. माझा नवरा पलीकडच्या मशीनवर पाठ करून उभा असतो आणि आवाजावरून सांगतो की इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) गेलाय. उघडून बघावं तर कड तुटलेली. हा अंदाज खरा, कारण धातू रोज त्याच नियमाने वागतो आणि बरोबर की चूक हे त्याच मिनिटाला कळतं. तोच माणूस नव्या पार्टीशी चहा पिऊन येतो आणि म्हणतो, 'माणूस चांगला आहे, पेमेंट वेळेवर देईल.' इथे निकाल कळायला महिने जातात, आणि तोवर आपण काय म्हणालो होतो हेही आठवत नाही. म्हणून आता मशीनच्या आवाजाबाबत त्याचा शब्द शेवटचा, आणि उधारीची मर्यादा ठरवायला लेखी नियम. पहिली काही बिलं कशी चुकती झाली त्यावरून मर्यादा वाढते. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या लहान उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत व्हायला हवं, हेही आता कोटेशनवर छापलेलं असतं.

सतराव्या प्रकरणाने आमच्या घरातला एक जुना वाद मिटवला. इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांसमोर काहनेमन बोलत होते, की शाबासकीने शिकणं चांगलं होतं. एक प्रशिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव उलट आहे. उत्तम कसरत केली म्हणून कौतुक करावं तर पुढची बिघडते, वाईट केली म्हणून ओरडावं तर पुढची सुधारते. काहनेमन यांनी दाखवून दिलं की यात कौतुकाचा किंवा ओरडण्याचा काही संबंध नाही. एखादा दिवस नेहमीपेक्षा फार चांगला गेला, तर पुढचा बहुधा नेहमीसारखाच जाणार. फार वाईट गेला तरी तसंच. रिजेक्शन (तपासणीत नापास झालेला माल) जास्त निघालं त्या दिवशी ऑपरेटरवर तोंडसुख घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते कमी झालं, की ओरडणाऱ्याला वाटतं, आपण सुधारणा घडवली. शॉपफ्लोअरवर ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि तिची किंमत कामगार भरतात. आता आम्ही एका दिवसाच्या रिजेक्शनवर काहीच बोलत नाही. आठवड्याच्या आलेखाची रेघ बघतो. ती चढत असेल तर आधी टूल आणि मटेरियल तपासतो, माणूस नंतर.

पुस्तकात कच्चा भागही आहे. चौथ्या प्रकरणात नकळत दिसलेल्या शब्दांनी आपलं वागणं कसं बदलतं, याचे प्रयोग मोठ्या खात्रीने दिलेत. त्यातले अनेक पुढे इतर संशोधकांना पुन्हा करून दाखवता आले नाहीत. काहनेमन यांनी स्वतः 2012 मध्ये त्या क्षेत्रातल्या संशोधकांना खुलं पत्र लिहून घर सावरायला सांगितलं होतं, आणि 2017 मध्ये लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण नको तेवढा विश्वास टाकला हे जाहीर मान्य केलं. लेखकाबद्दलचा माझा आदर यामुळे वाढला. तुम्ही वाचाल तेव्हा ते प्रकरण सोडून द्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जेम्स क्लिअर यांचं 2018 चं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' दोन बैठकांत वाचून होतं. नव्या सवयीला जुन्या सवयीच्या शेपटाला बांधण्याचा त्यातला सल्ला खरोखर चालतो. सकाळचं ई-वे बिलांचं काम संपलं की लगेच येणं-बाकीची यादी उघडायची, ही माझी सवय तशीच लागली. मात्र 21 दिवसांत सवय लागते असं सांगणाऱ्या पुस्तकांपासून सावध राहा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 पर्यंतचा. तिसऱ्या आठवड्यात जमलं नाही म्हणून कितीतरी माणसं स्वतःला नालायक ठरवून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

यशस्वी कंपन्यांची रहस्यं सांगणारी पुस्तकं मी आता घेत नाही. जिम कॉलिन्स यांचं 2001 चं 'गुड टू ग्रेट' मेहनतीने लिहिलेलं आहे, पण त्यातल्या निवडक 11 कंपन्यांपैकी सर्किट सिटी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी फॅनी मे अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जिंकलेल्यांकडे बघून नियम काढले की असं होणारच. तेच नियम पाळून बुडालेल्यांची यादी कुणी केलेली नसते. 'रिच डॅड पुअर डॅड' मराठीत घरोघरी पोचलंय. पैसा आत आणणारी वस्तू आणि बाहेर नेणारी वस्तू यातला फरक ते ठसठशीत सांगतं, पण त्यापुढे कर्ज काढून गुंतवणूक करण्याचा जो उत्साह येतो तो लहान धंद्याला परवडणारा नाही.

आणि एक मराठी पुस्तक, जे मी काहनेमन यांच्या बरोबरीने ठेवते: मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचं 'स्वभाव-विभाव'. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला घेतलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे आणली, रुजवली. नाडकर्णींनी तो विचार घरगुती उदाहरणांत उतरवला. घटना, तिच्याबद्दलची आपली समजूत आणि त्यातून उठणारी भावना, अशा तीन पायऱ्या. पेमेंटसाठी फोन करायच्या आधी मी त्या तीन ओळी खरंच कागदावर लिहिते. 'त्यांनी आज पैसे दिलेच पाहिजेत, नाहीतर हा माझा अपमान' ही समजूत कागदावर दिसली की आवाज चढत नाही. 'आज मिळाले तर बरं, नाही मिळाले तर लेखी तारीख घ्यायची' एवढं ठरवून फोन लावते. पैसे त्यामुळे लवकर येतात असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांवर राग निघत नाही, हा फरक मला पुरेसा मोठा वाटतो. झोप उडालीये, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, अशी अवस्था असेल तर मात्र पुस्तकावर थांबू नका. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली संस्था किंवा जवळचे मानसोपचारतज्ज्ञ, कुणाकडे तरी जा.

कुणाला सुरुवात करायची असेल तर काहनेमन यांची 17, 22, 23 आणि 24 ही चार प्रकरणं वाचा, आणि तेविसावं संपल्यावर पुढे जायच्या आधी स्वतःच्या जुन्या चलनांची फाइल काढा.