अभ्यासासाठी टेलिग्राम: साठवणीला उत्तम, चर्चेला जेमतेम

विद्यापीठातील वर्गाचा अभ्यास-ग्रुप टेलिग्रामवर असावा का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या या ॲपची खरी ताकद साठवणीत आहे. 2 जीबीपर्यंतची फाइल विनामूल्य पाठवता येते, फोनमधून काढून टाकली तरी ती सर्व्हरवर राहते, आणि ॲडमिनने जुने संदेश खुले ठेवले असतील, तर सत्राच्या मध्यावर ग्रुपमध्ये आलेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्या तासापासूनच्या नोट्स मिळतात. ‘कोणीतरी पीडीएफ परत पाठवा ना’ ही नित्याची विनवणी त्यामुळे बरीच कमी होते. अर्थात, उतरवून घेतलेली पीडीएफ वाचण्याचे काम कोणतेही ॲप करून देत नाही.

त्याहून उपयुक्त, आणि तरीही बहुतेक ग्रुपांत दुर्लक्षित राहणारी सोय म्हणजे 2020 मध्ये आलेले क्विझ. पर्याय निवडताच उत्तर बरोबर की चूक हे कळते, सोबत स्पष्टीकरणही जोडता येते. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देण्याने विषय अधिक काळ लक्षात राहतो. परंतु माझ्या मते खरा लाभ प्रश्न तयार करणाऱ्याचा होतो, कारण चुकीचे तरीही पटण्याजोगे पर्याय रचायचे, तर संकल्पना नेमकी कुठे निसटते हे आधी स्वतःला उमगावे लागते. म्हणून हे काम एकट्या ॲडमिनकडे न ठेवता पाळीपाळीने सर्वांनी करावे.

चर्चेला मात्र हे माध्यम तोकडे पडते. 2022 पासून एकाच ग्रुपमध्ये विषयवार ‘टॉपिक्स’ करता येतात, पण परीक्षा जवळ आली की सगळे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन कोसळतात. दोन लाख सदस्यांची मर्यादा जाहिरातीला शोभते. अभ्यासाला ती निरुपयोगीच, कारण अनोळखी गर्दीत आत्मविश्वासाने दिलेले चुकीचे उत्तर दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

गोपनीयतेबाबतही सावध असावे. ग्रुपमधील संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, संदेश वाचता येऊ नये अशी सुरक्षा नसते. लेखी संदेशांसाठी ते केवळ दोघांमधील ‘सीक्रेट चॅट’मध्ये मिळते. त्यामुळे प्रबंधातील अप्रकाशित माहिती किंवा मुलाखत दिलेल्या व्यक्तींचे तपशील ग्रुपमध्ये टाकू नयेत. पाठ्यपुस्तकांच्या बेकायदा प्रती वाटणाऱ्या चॅनेलांपासूनही दूर राहावे. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय हाती आलेली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, याचा भरवसा नसतो.